एक ‘जर’ गळाला तेव्हा : आणीबाणीचे दोन कागद वाचताना



पेपर वाचताना आपण सारांश वाचतो, निष्कर्ष वाचतो आणि मधल्या अटींवरून नजर फिरवतो. खरं सांगा, करता ना असं? माझीही तीच सवय होती. ती मोडली विज्ञानाच्या पेपरने नाही, तर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी.

आधी आपला जिल्हा

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे ‘गश्ती ५३’ हे परिपत्रक होतं: सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. थोडक्यात, बोलण्याचे आणि जमण्याचे मूलभूत हक्क आपल्या पणजोबांच्या पिढीला मिळाले ते थेट २६ जानेवारी १९५० ला.

पहिला निकाल : १९६५

चीन युद्धामुळे ऑक्टोबर १९६२ मध्ये आणीबाणी लागली. युद्ध महिन्याभरात थांबलं, आणीबाणी १९६८ पर्यंत राहिली. या काळात कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी मुंबईत स्थानबद्ध होते. तुरुंगात त्यांनी मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, ‘अणूच्या अंतरंगात’. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्या, एवढीच त्यांची मागणी. सरकारने नकार दिला.

हक्क तर स्थगित होते, मग कोर्टात जायचं कसं? इथे राष्ट्रपतींच्या आदेशातली अट बघा. हक्क जर भारत संरक्षण कायद्याखाली किंवा त्याच्या नियमांखाली काढून घेतला असेल, तरच कोर्टाचं दार बंद. पुस्तक पाठवू नका असं तर कुठल्याच नियमात नव्हतं! उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला आणि सप्टेंबर १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील फेटाळलं.

दुसरा निकाल : १९७६

१२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. २५ जूनच्या रात्री पुन्हा आणीबाणी आली. २७ जूनच्या आदेशात तो ‘जर’ नव्हता.

‘मिसा’खाली सुमारे ३५ हजार लोक आत गेले. दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव त्यांपैकीच. निजामाचा तुरुंग त्यांनी आधीच पाहिला होता.

२८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की स्थानबद्धाला उच्च न्यायालयात सुटकेसाठी दाद मागता येणार नाही. सुनावणीत न्या. खन्नांनी विचारलं होतं: पोलिसाने वैरापोटी कुणाला ठार मारलं तर? सरकारी वकिलाचं उत्तर होतं की आणीबाणी असेपर्यंत त्यावरही उपाय नाही.

आता आपला प्रश्न

‘जर गेला म्हणून हक्क गेले’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. थांबा. पाचही न्यायाधीशांसमोर कागद एकच होता. खन्ना मात्र म्हणाले की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचंही स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार राज्याला आणीबाणीतही नाही. म्हणजे मजकूर हे एक कारण झालं, वाचणारा हे दुसरं. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २१ स्थगित करण्याची वाट बंद झाली. तो निकाल मात्र चुकीचा ठरायला २०१७ उजाडलं. एकेचाळीस वर्षं!

तेव्हा सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा एवढं करा. मूळ कागद काढा, त्यातली प्रत्येक अट अधोरेखित करा आणि त्याच कागदावरून उलट निष्कर्ष काढणारा माणूस शोधा. तो सापडेपर्यंत तुमचं ‘कारण’ सिद्ध झालं असं समजू नका.