काशीतील मराठी जन्म

मराठी मनाला काशी परिचित आहे ती मुख्यतः अखेरच्या मुक्कामाची जागा म्हणून. प्रपंच आटोपल्यावर काशीयात्रा करावी, शक्य झाल्यास तेथेच देह ठेवावा आणि ते न साधले तर ‘काशीस जावे नित्य वदावे’ ह्या म्हणीचा आधार घ्यावा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा होती. साहजिकच मराठीतील काशीविषयक लेखनाचा मोठा भाग यात्रेचा आणि मरणाचा आहे. ह्या नगरीत मराठी घरे होती, त्या घरांतून पाळणे हलले, तेथे जन्मलेली वा वाढलेली मुले निरनिराळ्या शतकांत निरनिराळ्या क्षेत्रांत कीर्तिमंत झाली, ही वस्तुस्थिती मात्र चरित्रकोशांच्या पानांवर विखुरलेली राहिली. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या कोशांपासून आजवरच्या नोंदींत व्यक्तीचे नाव, जन्मस्थळ, जन्मवर्ष आणि क्षेत्र एवढा क्रम ठरलेला असतो. वर्णानुक्रमामुळे एकमेकांपासून दूर पडलेल्या ह्या नोंदी काशी हे एकच स्थळ धरून कालानुक्रमे वाचल्या, तर मराठी वाङ्मयेतिहासाला अडचणीत टाकणारा एक प्रश्न समोर येतो. ह्या माणसांची गणना कोणत्या भाषेच्या इतिहासात करावयाची?

प्रारंभ सोळाव्या शतकापासून करावा लागतो. पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस येऊन स्थायिक झाले आणि त्यांच्यापासून धर्मशास्त्रात दोन शतके अधिकार गाजविणारे भट्ट घराणे तेथे रुजले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांचा जन्म १५१३चा. तो पैठणातही झाला नाही आणि काशीतही नाही. वडील द्वारकेच्या वाटेवर असताना प्रवासात झाला. नारायणभट्टांचे पुत्र शंकरभट्ट यांनी ‘गाधिवंशानुचरित’ ह्या कुलवृत्तान्तात घराण्याची ही कथा लिहून ठेवली, म्हणून ती आज ज्ञात आहे. ‘त्रिस्थलीसेतु’ हा प्रयाग, काशी व गया ह्या क्षेत्रांच्या विधींचा ग्रंथ रचणारा पंडित स्वतः वाटेवर जन्मावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ह्या घराण्याच्या नंतरच्या पिढ्या मात्र काशीच्याच झाल्या. नातू कमलाकरभट्टाचा ‘निर्णयसिन्धु’ १६१२मध्ये पूर्ण झाला. दुसरा नातू नीलकंठभट्ट याचा ‘व्यवहारमयूख’ पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू वारसाहक्कासाठी प्रमाण मानू लागली. म्हणजे गंगातीरी लिहिलेला निर्णय कोकण-गुजरातेतल्या जमिनींच्या वाटण्या ठरवू लागला.

ह्याच घराण्यातील विश्वेश्वर तथा गागाभट्ट महाराष्ट्राला माहीत आहे तो ६ जून १६७४ ह्या एका दिवसापुरता. रायगडावरील राज्याभिषेकाचा विधी त्याच्या अधिकाराने झाला. त्यासाठी त्याने प्रयोगग्रंथही सिद्ध केला. मीमांसेवरील ‘भाट्टचिंतामणि’चा कर्ता म्हणून असलेली त्याची योग्यता मात्र मराठी वाचकापर्यंत पोचलेली नाही. ज्योतिषात गोदातीरीच्या गोलग्राम येथून काशीस गेलेल्या दैवज्ञ घराण्यातील कमलाकराने ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ हा ग्रंथ १६५८मध्ये पुरा केला. व्याकरणात नागेशभट्ट काळे यांचा ‘परिभाषेन्दुशेखर’ आजही पाणिनीय अध्ययनाची अखेरची पायरी मानला जातो. त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता, म्हणजे काशीबाहेर पाऊल न टाकण्याचे व्रत घेतले होते, असे परंपरा सांगते.

ह्या मंडळींच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या ग्रंथसमाप्तीचे वर्ष निश्चित सांगता येते. जन्माचे वर्ष अंदाजाने ठरवावे लागते. ग्रंथकार ग्रंथाच्या शेवटी शक, मास, तिथी नोंदवितो आणि आपल्या पित्याचे व गुरूचे नाव सांगतो. स्वतः केव्हा जन्मलो हे सांगण्याचे त्याला प्रयोजन वाटत नाही. व्यक्तीची ओळख जन्मवर्षाने करून देण्याची रीत अर्वाचीन आहे, आणि ती मागच्या काळावर लादताना काय घडते, ह्याचा सर्वांत बोलका नमुना पुढच्या काशीकर कन्येच्या नोंदीत सापडतो.

पेशवाई बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावाचा बंधू चिमाजीअप्पा काशीस राहू लागला. त्याच्या आश्रयास असलेल्या मोरोपंत तांबे व भागीरथीबाई ह्या दांपत्याची मुलगी मनकर्णिका, म्हणजेच पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई. गंगेवरच्या मणिकर्णिका घाटाची आठवण देणारे हे नाव काशीखेरीज अन्यत्र क्वचितच ठेवले गेले असते. तिच्या जन्माची दोन वर्षे प्रचलित आहेत. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या १८९४च्या मराठी चरित्राने कार्तिक वद्य चतुर्दशी, शके १७५७, म्हणजे १९ नोव्हेंबर १८३५ ही तारीख रूढ केली. आज स्मारकांवर व पाठ्यपुस्तकांत आढळते ती १९ नोव्हेंबर १८२८. पंचांगाचे गणित केल्यास असे दिसते की, १९ नोव्हेंबर आणि वद्य चतुर्दशी यांचा मेळ १८३५मध्ये बसतो. १८२८मध्ये त्या दिवशी शुक्ल पक्ष चालू होता. तेव्हा प्रचलित तारखेतील दिवस एका परंपरेतून आणि वर्ष दुसरीतून आले असावे, असे म्हणण्यास जागा आहे.

हा वाद केवळ आकड्यांचा नाही. १८४२मध्ये गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह झाला तेव्हा वधू तेरा वर्षांची होती की सहा, आणि जून १८५८मध्ये ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडली ती एकोणतीस वर्षांची प्रौढ राज्यकर्ती की बावीस वर्षांची तरुणी, हे त्यावर अवलंबून आहे. १८५४मध्ये राणीच्या वतीने सल्ला देण्यास आलेला वकील जॉन लँग याने तिच्या वयाविषयी ऐकलेला अंदाज सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता. तो आधीच्या वर्षास अनुकूल आहे. पारसनीसांचे वर्ष स्वीकारल्यास कोवळ्या वयातील पराक्रमाची कथा अधिक रोमहर्षक होते. आधीचे वर्ष स्वीकारल्यास दत्तकाच्या मंजुरीसाठी विचारपूर्वक खलिते धाडणारी, कारभार जाणणारी स्त्री समोर येते. विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये झाशीच्या मुक्कामातील जी बाई रंगविली आहे ती ह्या दुसऱ्या प्रतिमेशी अधिक जुळते. काशीतील मराठी वस्तीत जन्मलेल्या एका मुलीची नोंद कुणी ठेवली नव्हती. ती कीर्तिमंत झाल्यावर जन्मतिथीचा शोध सुरू झाला.

राणीविषयी मराठीत विपुल लेखन झाले. ह्याउलट १६ नोव्हेंबर १८८३ रोजी काशीत जन्मलेल्या बाबूराव विष्णू पराडकरांची जन्मतारीख निश्चित असूनही मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यास हे नाव बहुधा अपरिचित असते. हिंदी पत्रकारितेचा इतिहास त्यांच्यावाचून लिहिता येत नाही. वैदिक शास्त्र्याच्या घरात वाढलेला हा तरुण १९०६मध्ये कलकत्त्यास ‘हिंदी बंगवासी’त दाखल झाला. तेथे त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर होते. देवघर परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील देउस्करांनी बंगालीत ‘देशेर कथा’ हे वसाहतीच्या आर्थिक शोषणावरील पुस्तक १९०४मध्ये लिहिले होते, आणि स्वदेशीच्या चळवळीत ते घरोघरी पोचले होते. सरकारने पुढे त्यावर बंदी घातली. पराडकरांनी ते ‘देश की बात’ ह्या नावाने हिंदीत आणले. मामा-भाचे दोघेही घरात मराठी. पण एकाने बंगालीत लिहिले आणि दुसऱ्याने ते हिंदीत नेले. मराठी मात्र ह्या व्यवहारात कोठेच कागदावर उमटली नाही.

‘हितवार्ता’ व ‘भारतमित्र’ ह्या पत्रांत काम करीत असताना क्रांतिकारकांशी असलेल्या संबंधांमुळे १९१६मध्ये पराडकरांना अटक झाली आणि सुमारे साडेतीन वर्षे स्थानबद्धतेत गेली. सुटकेनंतर ते काशीस परतले. शिवप्रसाद गुप्त यांनी ५ सप्टेंबर १९२० रोजी ‘आज’ हे दैनिक काढले, आणि त्याच्या संपादनाची धुरा पुढे मुख्यतः पराडकरांनी वाहिली. १९३०च्या सत्याग्रहकाळात मुद्रणविषयक वटहुकुमामुळे ‘आज’ बंद ठेवावा लागला, तेव्हा ‘रणभेरी’ हे गुप्त पत्र निघू लागले. त्यामागेही ते होते. १९३८च्या शिमला येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ‘राष्ट्रपति’, ‘सर्वश्री’, ‘मुद्रास्फीति’ हे शब्द हिंदीत रुळविण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. ह्यांपैकी पहिले दोन मराठीही नित्य वापरते. वृत्तपत्री हिंदीला संस्कृताधिष्ठित, पण अवजड न होणारे वळण देताना त्यांना घरच्या मराठीचे आणि पाठशाळेतील संस्कृताचे बळ उपयोगी पडले असावे. १२ जानेवारी १९५५ रोजी काशीतच त्यांचे निधन झाले.

पराडकर एकटे नव्हते. १८८९मध्ये काशीत जन्मलेले लक्ष्मण नारायण गर्दे हेही ‘भारतमित्र’चे नामांकित संपादक. ल. रा. पांगारकर यांचे तुकारामचरित्र त्यांनी हिंदीत आणले, आणि त्यामुळे उत्तर भारतातील सामान्य वाचकाच्या घरी तुकोबा पोचले. अशा अनुवादकाची नोंद मूळ भाषेच्या इतिहासात न व्हावी, हे नवल आहे.

विसाव्या शतकात काशीकडे जाण्याचे निमित्त बदलले. शास्त्राध्ययन आणि राजाश्रय यांच्या जागी विद्यापीठ आले. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजमधील उज्ज्वल यशानंतर मालवीयांच्या निमंत्रणावरून १९३२मध्ये हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांचे पुत्र जयंत यांचा जन्म १९ जुलै १९३८चा, कोल्हापूरचा. जन्मस्थळावर बेतलेल्या यादीतून त्यांचे नाव वगळावे लागेल. परंतु वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंतची घडण काशीतच झाली. शाळेत हिंदी माध्यम, घरात मराठी, आई सुमतीबाईंकडून संस्कृत, आणि भिंतीवरच्या फळ्यावर मोरूमामा हुजूरबाजारांनी भाच्यासाठी लिहून ठेवलेली गणिती कूटे, असे ते घर त्यांनी स्वतःच वर्णिले आहे. विश्वविद्यालयाची पदवी १९५७मध्ये घेऊन ते केंब्रिजला गेले. फ्रेड हॉइल यांच्यासमवेत मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताने त्यांचे नाव जगभर झाले.

येथे साखळीतील एक दुवा वेगळा पडतो. १९७२मध्ये मायदेशी परतल्यावर नारळीकर मराठीत लिहू लागले. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने पाठविली. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून ते नाव त्यांनी सिद्ध केले होते. ‘चार नगरांतले माझे विश्व’ ह्या आत्मचरित्रास २०१४चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. त्या चार नगरांतील पहिले नगर बनारस आहे. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा मराठीने आपला लेखक गमावल्याची भावना व्यक्त झाली, आणि ती यथार्थ होती.

तुलना उद्‌बोधक आहे. नारळीकर मराठीत लिहिते झाले म्हणून मराठी वाङ्मयाचे झाले. राणी रणांगणावर लढली म्हणून सर्वांची झाली. गागाभट्ट रायगडावर आला म्हणून त्या एका प्रसंगात राहिला. पराडकर आणि गर्दे हिंदीत लिहीत राहिले, आणि म्हणून निसटले. म्हणजे मराठी स्मरणाने आजवर महाराष्ट्राशी संबंध आलेल्यांना जवळ केले; ज्यांनी परभाषेत आयुष्य वेचले त्यांना त्या भाषेच्या स्वाधीन करून आपले दप्तर मिटले. भाषानिहाय इतिहासलेखनाची ही मर्यादा आहे. ती ओलांडायची तर घरात एक भाषा, पाठशाळेत दुसरी आणि छापखान्यात तिसरी बोलणाऱ्या माणसांसाठी वाङ्मयेतिहासात स्वतंत्र प्रकरण हवे. देउस्करांचे बंगाली, पराडकरांचे हिंदी आणि भट्ट घराण्याचे संस्कृत लेखन एकत्र वाचणारा अभ्यासक त्यासाठी लागेल.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा ह्या परिसरातील गल्ल्यांत मराठी वस्तीने कित्येक पिढ्या काढल्या. तेथल्या घरांतील कागद, कुलवृत्तान्त, जुनी वर्तमानपत्रे आणि उपाध्यायांच्या वह्या यांचा पद्धतशीर शोध घेण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे. यात्रेकरूंच्या नावांनी भरलेल्या त्या वह्यांत काशीस आलेल्या मराठी माणसांची नोंद मिळते. तेथे जन्मलेल्यांची नोंद मात्र मराठी अभ्यासकांनाच करावी लागेल.