मेदपेशीतले पेरॉक्साइड : चोर की निरोप्या?

उघड्या राहिलेल्या डब्यातले तेल काही दिवसांनी खवट होते. हवेतला ऑक्सिजन तेलाशी संयोग पावतो, म्हणून हे घडते. आपल्या शरीरातही चरबी आहे आणि ऑक्सिजनही आहे. मग तिथे काय होते? या प्रश्नाचा इतिहास बराच वळणावळणाचा आहे.

१९५४ साली रेबेका गेर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले, की जादा ऑक्सिजनमुळे होणारी विषबाधा आणि क्ष-किरणांमुळे होणारी इजा यांचे मूळ एकच आहे : मुक्त मूलके, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन बाळगणारे अतिक्रियाशील कण. दोनच वर्षांनी डेनहॅम हारमन यांनी वार्धक्याचे खापरही या मूलकांवर फोडले. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड या मूलकाचे हायड्रोजन पेरॉक्साइड व ऑक्सिजन यांत रूपांतर करणारे विकर ओळखले. शरीराने एवढा बंदोबस्त ठेवला आहे, तेव्हा हे चोरच असणार, असे मत रूढ झाले. आमच्या विद्यार्थिदशेतही हेच शिकवले जाई.

मेदपेशींचे संशोधन मात्र वेगळ्या वाटेने चालले होते. १९६४ साली अमेरिकेत मार्टिन रॉडबेल यांनी उंदराच्या चरबीवर कोलॅजिनेज या विकराची क्रिया करून तिच्यातील पेशी सुट्या केल्या. मिश्रण फिरवल्यावर इतर पेशी तळाशी बसल्या आणि मेदपेशी सायीसारख्या वर तरंगल्या. किती साधी युक्ती! आता या पेशींवर इन्शुलिन सोडून त्या किती ग्लुकोज घेतात, हे मोजता येऊ लागले. १९७०च्या दशकात दिसले, की इन्शुलिनऐवजी थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड दिले तरी पेशी ग्लुकोज घेऊ लागतात. १९७९ मध्ये मे आणि डी हेन यांनी दाखवले, की इन्शुलिन मिळताच मेदपेशी स्वतःच पेरॉक्साइड तयार करते.

चोर घरचाच निघाला! याचा उलगडा पुढे झाला. इन्शुलिनचा संदेश आला, की पेशीच्या ग्राहक-प्रथिनावर फॉस्फेट गट बसतात. ते काढून संदेश थांबवणारे एक विकर असते. पेरॉक्साइड त्या विकरातील गंधकाचे ऑक्सिडीकरण करून त्याला थोडा वेळ निष्क्रिय करते. तेवढ्या वेळात संदेश पुढे जातो. पुढे गंधकाचे क्षपण होऊन विकर पुन्हा कामाला लागते.

१९८५ मध्ये हेल्मुट झीस यांनी 'ऑक्सिडीकरणाचा ताण' ही कल्पना मांडली, तीही ऑक्सिडीकारक व त्यांचे विरोधक यांचा तोल ढळणे अशीच. गाजला तो ताण. तोल विसरला गेला.

२००४ हे वर्ष या दृष्टीने मोठे गमतीचे आहे. जपानमधील फुरुकावा, शिमोमुरा आदींनी दाखवले, की लठ्ठ उंदरांच्या मेद ऊतीत मूलके बनवणारे विकर वाढते आणि ते रोखले की मधुमेह सुधारतो. त्याच वर्षी अमेरिकेतील एका गटाने पेरॉक्साइड नष्ट करणारे विकर जादा असलेले उंदीर तपासले. ते निरोगी असायला हवे होते. प्रत्यक्षात ते लठ्ठ झाले आणि इन्शुलिनला दाद देईनासे झाले. म्हणजे पेरॉक्साइड सतत साचले तरी बिघाड, अजिबात टिकले नाही तरी बिघाड.

माणसांचे काय? २००९ मध्ये जर्मनीतील मिखाएल रिस्टो यांच्या गटाने तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करवून घेतला. काहींना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि जोडीला ई जीवनसत्त्व दिले. गोळ्या न घेणाऱ्यांची इन्शुलिनला मिळणारी दाद सुधारली; घेणाऱ्यांत हा लाभ दिसला नाही. व्यायामाने निर्माण होणारी मूलकेच शरीराला जागे करत असावीत, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

वर्गात हे सांगितल्यावर एखादा विद्यार्थी हमखास विचारील, "मग संत्री खायची नाहीत का?" त्याला हिशेब करायला लावावा. शंभर ग्रॅम संत्र्यात सुमारे ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. त्या गोळ्यांची बरोबरी करायला रोज दोन किलो गर खावा लागेल!