वंगण: आखापासून गिअरबॉक्सपर्यंत

करमाळ्याच्या बाजाराला निघण्याआधी गाडीवान बैलगाडीचे चाक ओढून आखाला वंगण देत असे. एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या आखाभोवती गुंडाळल्या की कुरकुर थांबे आणि तुंबा झिजत नसे. कुरकुरती गाडी म्हणजे आळशी मालक. पुढे उजनी धरणाच्या पाण्यावर ऊस वाढला, ऊसगाड्यांना रबरी टायर आणि बेअरिंग आले, एरंडेलाची जागा ग्रीसने घेतली.

मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल मात्र या एरंडेल-ग्रीससारखे नुसते वंगण नव्हे. 1940 च्या ओल्ड्समोबिलपासून तेच दाबाने गिअर बदलत आले. एके काळी त्यात स्पर्म व्हेलचे तेलही मिसळत. तांबडे तेल तापून काळपट पडते, क्लचचा भुगा त्यात उतरतो, म्हणून ते वेळेवर बदलतात. 2014 च्या मारुती सेलेरिओ मोटारीने रुळवलेल्या एएमटीच्या, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप बदलणाऱ्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या, पेटीत मात्र साधे गिअर-तेलच असते.