विशारद ते विद्यापीठ: सुरतेतील मराठी विद्यार्थ्यांसाठी संगीत शिक्षणाचा मार्ग

बारावीचा निकाल लागला की आपल्या सभासद कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलगी किंवा मुलगा सहा-सात वर्षे गाण्याच्या क्लासला जात आहे, गांधर्वच्या परीक्षा दिल्या आहेत, विशारद झाले आहे किंवा होत आले आहे. आता संगीतातच पुढे जायचे तर विद्यापीठात ही वर्षे धरतील का? थेट दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला किंवा एम.ए.ला प्रवेश मिळेल का?

थोडक्यात उत्तर असे: विशारदच्या बळावर पदवीची वर्षे कमी होतील असे गृहीत धरू नये. पण त्या सात वर्षांत जे गळ्यात, हातात आणि कानात बसले आहे, ते विद्यापीठाच्या पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते. प्रमाणपत्र आणि विद्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवून आखणी केली तर वर्ष वाया जात नाही. या लेखात आम्ही ती आखणी मांडत आहोत.

आधी जवळ शिकणे, मग विद्यापीठ

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडून 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द आपण ऐकतो. तिथे विद्यार्थी पहिली दोन वर्षे घराजवळच्या, कमी फीच्या कॉलेजात शिकतो आणि मग तिथले क्रेडिट घेऊन विद्यापीठात जातो. संगीताचे विद्यार्थीही असे करतात. पण ज्या विद्यापीठात जायचे ते प्रत्यक्ष गायन-वादन ऐकते, संगीतशास्त्राची चाचणी घेते आणि त्यानुसार विद्यार्थ्याला कोणत्या पातळीवर बसवायचे ते ठरवते. म्हणजे तिथेही कागद एकीकडे आणि कला दुसरीकडे तपासली जाते.

अमेरिकेतील सर्वांत जुने समजले जाणारे असे कॉलेज इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे 1901 मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी, 5 मे 1901 रोजी, पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. गुरूच्या घरी राहून सेवा करणे ज्यांना शक्य नव्हते, अशा सर्वसाधारण घरांतील मुलामुलींना ठरलेल्या अभ्यासक्रमाने, ठरलेल्या वेळी गाणे शिकता यावे, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे घराजवळच्या पहिल्या पायरीचे काम तेव्हापासून गांधर्वच्या शाळांनी आणि क्लासांनी केले आहे. फरक इतकाच की तिथून विद्यापीठात जाण्याचा पूल अमेरिकेसारखा क्रेडिटचा नाही.

गुजरातशी असलेले नाते

ही परंपरा आपल्यासाठी परकी नाही. विष्णु दिगंबरांचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे यांना गांधीजींच्या आश्रमात संगीत शिकवण्यासाठी पाठवण्यात आले आणि ते गुजरातचेच झाले. 1930 च्या दांडीयात्रेत ते गांधीजींबरोबर चालले. ती यात्रा सुरतेवरून गेली. 1938 च्या फेब्रुवारीत, सुरत जिल्ह्यातील हरिपुरा येथील काँग्रेस अधिवेशनाच्या तयारीत असताना तिथेच त्यांचे निधन झाले. 1931 मध्ये विष्णु दिगंबर गेल्यानंतर त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली, तीही अहमदाबादला. आज आपली मुले जी परीक्षा देतात ती याच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची.

शेजारच्या भरूचमध्ये वाढलेले पं. ओंकारनाथ ठाकूर हेही विष्णु दिगंबरांच्याच मुंबईच्या विद्यालयात शिकले. 1916 मध्ये ते लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य झाले आणि 1950 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी संगीताचे महाविद्यालय उभे केले. संगीत विद्यालयापासून विद्यापीठापर्यंतची वाट आपल्याच भागातील एका गायकाने अशी चालून दाखवली आहे.

परीक्षांची शिडी

गांधर्वच्या परीक्षांचा क्रम असा आहे: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. त्यापुढे अलंकार प्रथम आणि अलंकार पूर्ण. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास होतात. सुरुवातीला केवळ प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा असते, वरच्या पायऱ्यांवर लेखी पेपर येतात. उत्तरे मराठीत लिहिता येतात. याशिवाय गुजरातमध्ये बृहद् गुजरात संगीत समितीच्या परीक्षाही घेतल्या जातात. क्लास कोणत्या संस्थेच्या परीक्षेला बसवतो, हे नाव घालतानाच विचारून घ्यावे.

वर्षाला एक परीक्षा धरली तर विशारद पूर्ण व्हायला सात वर्षे लागतात. पाचवीत प्रारंभिक दिली तर नववीत मध्यमा पूर्ण होते, दहावीत परीक्षेची सुट्टी घेता येते आणि अकरावी-बारावीत विशारदची दोन वर्षे येतात. म्हणजे विशारदचा शेवटचा पेपर आणि बारावी बोर्ड एकाच वर्षात. हे आधीच दिसत असेल तर विशारद पूर्ण बारावीनंतर द्यायला हरकत नाही. विद्यापीठाच्या पदवीला प्रवेश घेण्यासाठी बारावी लागते, विशारद नव्हे.

आमचा आग्रह एवढाच की दहावीत परीक्षा सोडली तरी गाणे सोडू नये. दोन खोल्यांचे घर, वडिलांची लूम्सवर बारा तासांची पाळी, रातपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपलेला, अशा घरांत रियाज कुठे करायचा हा उधना-लिंबायत भागातला खरा प्रश्न आहे. पहाटेचा अर्धा तास, हळू आवाजात, तानपुऱ्याचे मोबाइल अॅप लावून केलेला षड्जाचा आणि मंद्र सप्तकाचा रियाजही गळा टिकवतो. वर्षभर बंद पडलेला आवाज परत बसवायला त्याहून जास्त वेळ लागतो.

महाराष्ट्रातील नातेवाईक सांगतात की शास्त्रीय कलेच्या परीक्षांना दहावीत वाढीव गुण मिळतात. ती सवलत महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. गुजरात बोर्डाची परीक्षा देणाऱ्या आपल्या मुलांनी ती आपल्याला लागू आहे असे धरू नये.

विशारद म्हणजे बी.ए. का?

बोलताना 'विशारद म्हणजे बी.ए., अलंकार म्हणजे एम.ए.' असे सर्रास म्हटले जाते आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना आणि तसा दर्जा मिळालेल्या संस्थांनाच आहे. विशारद ही प्रतिष्ठेची परीक्षा आहे, पण ती विद्यापीठाची पदवी नाही. एखाद्या विद्यापीठाने किंवा सरकारी खात्याने ती प्रवेशासाठी वा नोकरीसाठी समकक्ष मानली असेल, तर ती मान्यता त्या नियमापुरतीच असते. एका ठिकाणचा नियम दुसरीकडे चालत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणातील क्रेडिट बँकेबद्दलही विचारणा होते. पदवी अभ्यासक्रमात एक वर्ष करून बाहेर पडल्यास सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा आणि पुढे परत येण्याची सोय, अशी ती रचना आहे. त्या खात्यात नोंदणीकृत संस्थांत मिळवलेले क्रेडिट जमा होतात. खासगी क्लासची वर्षे त्यात आपोआप जमा होत नाहीत.

तीन वाटा

*पहिली: बारावीनंतर थेट बडोदे.* सुरतेहून रेल्वेने सुमारे 130 किलोमीटरवर, सुरसागर तलावाजवळ महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. 1886 मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्षांनी इथे गायनशाळा सुरू केली. 1916 मध्ये पं. भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यातच भरली. 1949 मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यावर हे शिक्षण विद्यापीठात आले. गायन, तबला, सतार, व्हायोलिन, नृत्य आणि नाट्य असे विषय आहेत. पदवीचा बी.पी.ए. अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. विशारद झालेल्या विद्यार्थ्यानेही पहिल्या वर्षापासून सुरुवात करण्याची तयारी ठेवावी. 2024 पासून गुजरातमधील सरकारी विद्यापीठांचे प्रवेश जीकॅस या सामाईक पोर्टलवरून होऊ लागले आहेत. तेव्हा बारावीच्या निकालाची वाट न पाहता तारखांवर लक्ष ठेवावे.

*दुसरी: सुरतेत पदवी, सोबत विशारद, मग संगीतात एम.ए.* वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या कॉलेजात बी.कॉम. किंवा बी.ए. करायचे, संध्याकाळी गुरूंकडे शिकणे चालू ठेवायचे आणि त्या तीन वर्षांत विशारद पूर्ण करायचे. कोणत्याही शाखेची पदवी आणि विशारद, किंवा पदवी आणि प्रत्यक्ष गायनचाचणी, या आधारावर संगीताच्या एम.ए.ला प्रवेश देणारी विद्यापीठे आहेत. घर न सोडता पाया पक्का करून मग विद्यापीठात जाणे, हा कम्युनिटी कॉलेजच्या कल्पनेचा आपल्याकडील सर्वांत जवळचा अवतार म्हणावा लागेल. वसतिगृहाचा खर्च तीन वर्षे वाचतो आणि संगीतात जमले नाही तरी हातात पदवी असते. तोटा हा की कॉलेज, क्लास आणि अनेकदा अर्धवेळ काम यांत रियाजाचा वेळ आधी कापला जातो.

*तिसरी: महाराष्ट्रात जाणे.* पुण्यातील सावित्रीबाई फुले विद्यापीठाचे ललित कला केंद्र 1987 पासून गुरुकुल पद्धतीची सांगड विद्यापीठीय शिक्षणाशी घालत आले आहे. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे. मुलींसाठी एसएनडीटी महिला विद्यापीठही आहे. भाषा आपली असली तरी परराज्यातील विद्यार्थ्यांच्या जागा, फी आणि राहण्याची सोय आधी तपासावी.

कोणती वाट घ्यावी हे ठरवताना आम्ही पालकांना एक साधा निकष सुचवतो. मूल कोणी न सांगता रोज किती वेळ गाते? परीक्षा जवळ आल्यावरच हार्मोनियम उघडत असेल तर दुसरी वाट बरी. न सांगता दीड-दोन तास बसत असेल तर पहिल्या वाटेसाठी त्याला घरातून बळ द्यावे.

स्वरलिपीचा घोळ

क्लास बदलला किंवा विद्यापीठात गेले की विद्यार्थी पहिल्यांदा अडखळतो तो स्वरलिपीत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या खाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक आणि वर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत वरचे टिंब मंद्र दाखवते आणि तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेघ असते. भातखंडे पद्धतीत हीच उभी रेघ मध्यमावर आली की तो तीव्र मध्यम होतो. भातखंड्यांकडे समेला × आणि खालीला 0. पलुस्करांकडे समेला 1 आणि खालीला +. एका पद्धतीवर वाढलेल्या मुलाने दुसऱ्या पद्धतीचे पुस्तक उघडले तर बंदिश चक्क वेगळ्या सप्तकात वाचली जाईल. म्हणून मध्यमा पूर्णपर्यंत दोन्ही पद्धतींत एकच बंदिश लिहून पाहण्याचा सराव करावा.

इथे आपल्या मुलांना एक फायदाही आहे. भातखंड्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' आणि क्रमिक पुस्तके मुळात मराठीत लिहिली गेली. इतर प्रांतांतील विद्यार्थी अनुवाद वाचतात, आपण मूळ वाचू शकतो. मात्र बडोद्याच्या विद्यापीठाचे अधिकृत माध्यम इंग्रजी आहे. मराठी किंवा गुजराती माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने थाट, जाती, वादी-संवादी, लय-लयकारी यांच्या व्याख्या इंग्रजीतूनही सांगण्याची सवय आधीच करावी.

चाचणीची तयारी

विद्यापीठात परीक्षक पंधरा राग विचारत बसत नाहीत. थोडे ऐकूनच त्यांना सूर, ताल आणि तयारी कळते. दोन-तीन रागच, उदाहरणार्थ यमन, भीमपलास आणि मालकंस, विलंबित व द्रुत ख्यालासह पक्के असावेत. तबल्याच्या ठेक्यावर गाण्याची सवय हवी. केवळ हार्मोनियमवर शिकलेल्या मुलांनी किमान सहा महिने आधीपासून तानपुऱ्यावर गावे, कारण पेटीचा आधार निघाला की सुरातला कच्चेपणा उघडा पडतो. ऐकवलेला स्वरसमूह ओळखणे, हाताने टाळी देत एकपट-दुप्पट बोलणे, हेही रोजच्या सरावात असावे.

खर्च, शिष्यवृत्ती आणि पुढचे पोट

केंद्र सरकारच्या सीसीआरटी संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शिष्यवृत्ती 10 ते 14 वयोगटातील मुलांसाठी असते. ती बहुतेक कुटुंबांना वय उलटल्यावर कळते. म्हणून पाचवी-सहावीतच चौकशी करावी. 18 ते 25 वयोगटातील कलाकारांसाठी संस्कृती मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे.

पुढे काय, हा प्रश्न वडीलधाऱ्यांनी विचारणे चूक नाही. शाळेत संगीतशिक्षक, स्वतःचा क्लास, साथसंगत, ध्वनिमुद्रणाची कामे, आकाशवाणीची श्रेणी, संशोधन, असे अनेक मार्ग आहेत. बहुतेक जण त्यातले दोन-तीन एकत्र करून घर चालवतात. विद्यापीठाची पदवी इथे महत्त्वाची ठरते, कारण कायम नोकरीच्या अर्जावर आधी तीच विचारली जाते. आणि क्लास काढला तर विद्यार्थी येतात ते गुरूचे गाणे ऐकून.

प्रवेशापूर्वी विचारायचे प्रश्न

1. आमच्या परीक्षा-प्रमाणपत्राला या विद्यापीठात कोणत्या अभ्यासक्रमासाठी मान्यता आहे? उत्तर लेखी किंवा छापील नियमावलीतच घ्यावे.
2. प्रत्यक्ष चाचणीत काय विचारतात, साथीला तबला मिळतो का?
3. शिक्षण व लेखी परीक्षा कोणत्या भाषेत?
4. वसतिगृहात रियाजाला परवानगी आणि जागा आहे का?
5. विद्यार्थ्याला आपल्या आधीच्या गुरूंकडे शिकत राहता येईल का?

शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. विद्यापीठ अभ्यासक्रम देते, ग्रंथालय देते, सोबती देते. पण ज्या गुरूंनी लहानपणी पहिला षड्ज लावून घेतला, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा तरी बसणे चालू राहिले तर आधीची सात वर्षे कोणत्याही नियमावलीत धरली नाहीत तरी गाण्यात धरली जातात.