आगोटीचा प्रवासी

उन्हाळा आला की भाचे-पुतण्यांचे फोन सुरू होतात. "काका, गर्दी नसलेलं एखादं ठिकाण सुचवा." मी विचारतो, "जाणार केव्हा?" उत्तर ठरलेलं. "मे महिन्यातच, एरवी मुलांची शाळा असते." अशा वेळी मला अफनासी निकितीन आठवतो.

हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी. १४६९च्या सुमारास, म्हणजे वास्को द गामाच्याही आधी, विकायला एक घोडा घेऊन तो होर्मुझहून गलबतानं चौलला आला. ईस्टरनंतर निघाला, सहा आठवड्यांनी पोचला, म्हणजे अगदी आगोटीच्या तोंडावर. पावसाळ्यात समुद्र बंद, त्यामुळे त्याआधी किनारा गाठणं भागच होतं. तिथून खुष्कीनं २४ दिवसांनी तो घाटावर जुन्नरला पोचला आणि पावसात दोन महिने अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्यानं लिहून ठेवलंय. गंमत म्हणजे या दिवसांना तो 'हिवाळा' म्हणतो! त्याच्या मुलखात घरात बसायचा ऋतू तोच ना. जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून दरडावलं. एका खुरासानी माणसाच्या रदबदलीनं घोडा परत मिळाला. पुढे बिदर वगैरे पाहून परतीचं गलबत त्यानं दाभोळला पकडलं, ते थंडीत. घरी मात्र तो पोचला नाही. १४७२च्या सुमारास स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला.

त्याचं वेळापत्रक वाऱ्यापावसानं ठरवलं, माझं शाळेच्या सुट्ट्यांनी. आमच्या साऱ्या सहली दिवाळीत नाहीतर मे महिन्यात. सौ. म्हणायची, एकदा पावसाळ्यात नाणेघाट बघू. माझं उत्तर एकच, "निवृत्त झाल्यावर." निवृत्तीनंतर एका भाद्रपदात गेलो खरे. डोंगर हिरवेगार, ढग अंगावर येत होते. पण तोवर तिचे गुडघे गेले होते. ती गाडीतच बसली. लेण्यातला सातवाहनांचा शिलालेख मी एकट्यानं पाहिला आणि वर येऊन तिला सांगितला.

म्हणून आता सांगतो. जुन्नर, नाणेघाट भाद्रपदात. चौल मार्गशीर्षात, दत्ताच्या जत्रेला. शेजारी रेवदंड्याला निकितीनचं स्मारकही आहे, तेही बघा. मुलांची दोन दिवस शाळा बुडाली तर बुडू द्या. हे एक मास्तर सांगतोय!