जपानची सुगी आणि आपली सातवीण

भगिनींनो, आपल्या रस्त्यावरील सातविणीची सहाही झाडे तोडावीत, असा अर्ज यंदा मंडळाकडे आला. फुलोऱ्याने डोके दुखते, दमा उठतो, अशी तक्रार. त्या निमित्ताने झाडे आणि दुखणी यांविषयी वाचू लागले, ती थेट जपानात जाऊन पोहोचले.

महायुद्धाच्या काळात जपानने लाकडासाठी व सरपणासाठी आपले डोंगर बोडके केले. पुढे पूर आले, दरडी कोसळल्या. म्हणून 1950 नंतर सरकारने डोंगरच्या डोंगर सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी झाडांनी भरून काढले. दोन्ही सरळसोट वाढणारी, घरबांधणीस उत्तम. हेतूला नाव ठेवावयास जागा नाही. परंतु 1964 साली परदेशी लाकडाची आयात खुली झाली आणि या लाकडाला हळूहळू गिऱ्हाईक उरले नाही. झाडे उभी ती उभीच राहिली. सुगी तिशीला आली की तिचा पराग भरघोस सुटू लागतो. तो वाऱ्यावर स्वार होऊन मैलोगणती जातो, कारण तिला फुलपाखरांची गरजच नाही.

योगायोग असा की, त्याच 1964 साली निक्को येथील रुग्णांवरून या परागाच्या दुखण्याची नोंद वैद्यकात झाली. निक्कोचा सुगीवृक्षांचा रस्ता सतराव्या शतकापासूनचा. म्हणजे झाड नवे नव्हते, त्याची एवढी गर्दी नवी होती. शहरांतील धूर व बदललेले राहणीमान यांचाही यात वाटा असावा, असे तज्ज्ञ म्हणतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या 2019 च्या पाहणीत शेकडा सुमारे 39 जणांना सुगीचा त्रास आढळला. फेब्रुवारी लागला की शिंका, डोळ्यांना खाज आणि तोंडावर मुखपट्टी! अखेर 2023 साली सरकारने ठरविले की, दहा वर्षांत सुगीची लागवड पाचव्या हिश्श्याने कमी करावयाची आणि तीस वर्षांत पराग निम्म्यावर आणावयाचा. लावलेले निस्तरण्यास एक पिढी!

आता आपली सातवीण. तिच्या लाकडाच्या पूर्वी शाळेतील पाट्या होत, म्हणून शास्त्रीय नावातही विद्यार्थ्याचा उल्लेख आहे. तिची फुले कीटकांना बोलावणारी, म्हणून तर एवढा वास. पराग दूरवर उधळणे हा तिचा स्वभाव नव्हे. मात्र उग्र वास दमेकऱ्यांना सोसत नाही, हे अगदी खरे; त्या बाईंची तक्रार मी खोटी म्हणणार नाही. पण एकाच ओळीत सहा सातविणी कोणी लावल्या? सहाही आश्विनात एकदम फुलतात!

अर्जाला मी सुचविलेले उत्तर असे: त्यांच्या खिडकीला लागलेल्या फांद्या नगरपालिकेच्या परवानगीने फुलोऱ्याआधी छाटाव्यात. झाडे तोडू नयेत. आणि पलीकडच्या मोकळ्या जागेत यंदा करंज, ताम्हण, बहावा व जांभूळ यांचे एकेक रोप लावावे. खड्डे खणण्यास रविवारी सकाळी किती जणी येणार, ते चिटणीसबाईंना कळवावे.