खोटं बोलणारा मीटर

आजची गोष्ट अमेरिकेतल्या मस्टँगवाल्यांची आहे. मला ती आवडते, कारण त्यात मशीनला मुद्दाम फसवलंय, आणि त्याची किंमतही मोजलीय.

१९८६ साली फोर्डच्या पाच लिटर व्ही-एट मस्टँगमध्ये प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा इंजेक्टर आला. पण कॉम्प्युटर हवा मोजत नव्हता, मॅनिफोल्डमधला दाब आणि आरपीएम बघून अंदाज बांधत होता. इंजिन कंपनीतून आलं तसं ठेवलं तर ठीक. पोरांनी कॅमशाफ्ट बदलला की दाब बदलायचा, अंदाज गडबडायचा आणि गाडी सिग्नलला धापा टाकत उभी!

१९८८ मध्ये कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत आणि १९८९ पासून सगळ्याच ५.० मस्टँगमध्ये मास एअर मीटर बसला. आत एक तापलेली तार. जितकी जास्त हवा जाईल तितकी ती थंड होणार, आणि तिला परत तापवायला तितका जास्त करंट लागणार. मीटर त्याचे व्होल्ट करून पाठवतो. इतके व्होल्ट म्हणजे ताशी इतके किलो हवा, असा तक्ता कॉम्प्युटरकडे असतो. हेच ते कॅलिब्रेशन.

आता मोडिफिकेशनवाले खूश. पण ताकद वाढवायची तर पेट्रोलही जास्त हवं. मूळ इंजेक्टर ताशी १९ पौंडांचे, लोक २४ किंवा ३० चे लावू लागले. कॉम्प्युटरला याचा पत्ताच नाही, तो १९ समजूनच इंजेक्टर उघडणार. प्रोग्राम बदलणं तेव्हा साध्या गॅरेजवाल्याच्या हातात नव्हतं.

मग जुगाड निघाला: मीटरच बदला. हवा १०० जात असेल तर ७९ सांगायचं, कारण १९ भागिले २४ म्हणजे साधारण ०.७९. कमी हवा ऐकून कॉम्प्युटर इंजेक्टर कमी वेळ उघडतो, आणि मोठ्या इंजेक्टरमधून बरोबर हवं तेवढंच पेट्रोल पडतं. प्रो-एमने हे इलेक्ट्रॉनिक्समध्ये जमवलं. सी अँड एलने तारेपाशी जाणारी हवा कमी-जास्त करणारी छोटी नळीच बदलायला दिली. डोकं बघा!

पण गोम इथेच आहे. तोच हवेचा आकडा बघून कॉम्प्युटर इंजिनावर लोड किती हेही ठरवतो, आणि त्यावरून स्पार्कचं टायमिंग. लोड कमी वाटला की तो ठिणगी लवकर पाडतो. ३० च्या मीटरवर तर त्याला ६३ टक्केच लोड दिसतो. वर सुपरचार्जर असेल तर? नॉकिंग, आणि मग पिस्टनचा निकाल. म्हणून बूस्ट वाढला की टायमिंग मागे ओढणारे वेगळे डबे लावावे लागायचे.

फोर्डने स्वतः १९९३ च्या कोब्राला २४ चे इंजेक्टर दिले, पण सोबत ७० मिलिमीटरचा मीटर आणि त्याला जुळणारा प्रोग्रामही दिला. माझ्या मते खरा मार्ग हाच. आज ट्यून करता येत असेल तर खरं बोलणारा मीटर घ्या आणि त्याचा तक्ता कॉम्प्युटरमध्ये भरा. ट्यूनशिवाय, बूस्ट नसलेल्या इंजिनावर २४ चा जुगाड चालून जातो.

आणि सेकंडहँड मीटर घेताना तो कितीच्या इंजेक्टरसाठी आहे ते आधी विचारा. मीटर २४ चा आणि इंजेक्टर ३० चे, तर पेट्रोल २५ टक्के जास्त पडणार, काळा धूर दिसेल तरी. उलटं असेल तर २० टक्के कमी पडणार, आणि ते बाहेरून काहीच दिसत नाही.